अप्पांनी न घेतलेलं पाणी

“इथं जरा घ्या बाजूला,” अप्पा म्हणाले.

औसा मागं पडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. उदगीरहून निघाल्यापासूनची ही चौथी खेप. मी ओम्नी रस्त्याच्या कडेला घेतली, आवाजात येऊ बघणारी चीड गिळली आणि विचारलं, “आता काय, अप्पा?”

“तो बांधावरचा दगड बघून येतो. शिवेचा वाटतो.”

शरणप्पा मळगे, माझे सासरे. भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं मोजणीदार होते. त्या भागातली निम्मी शेतं त्यांनी पायाखाली घातलेली, त्यामुळं दगड बघायला उतरण्यात तसं नवल नव्हतं. पण नळेगावजवळ ते कुणाची तरी विहीर बघायला उतरले होते. लातुरात पेपर आणायला म्हणून गेले आणि वीस मिनिटांनी पेपराशिवाय परत आले. औशात तर कारणही सांगितलं नाही. वाटेत मी दोनदा चहाला विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी नुसता हात हलवला. गळ्याला मफलर, नाक चोंदलेलं, हातात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी. लातूर सोडल्यावर त्यांनी त्यातली एक गोळी कोरडीच गिळली. माझी पाण्याची बाटली मधल्या जागेत उभी होती. तिच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्या बाटलीनं माझं डोकं जास्त फिरलं होतं.

ते का, हे सांगायला सहा वर्षं मागं जावं लागेल. महानंदा आणि मी सोलापुरात रजिस्टर लग्न केलं. ती लिंगायताची, मी बनसोडे. आमच्या वस्तीत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं माझं दुकान. तिच्या घरून कुणी येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण संध्याकाळी समाजमंदिरात छोटा कार्यक्रम होता, तिथं अप्पा एकटेच आले. कडेच्या खुर्चीत तासभर ताठ बसले. माझी आई, गयाबाई, विड्या वळून वळून बोटं काळी पडलेली बाई, स्वतः ताटलीत पेला घेऊन त्यांच्यापुढं गेली. अप्पांनी पेल्यावर तळहात धरला. म्हणाले, “नको.” आणि जेवणाच्या आधी निघून गेले.

आठ दिवसांनी आई विड्या वळता वळता, मान वर न करता म्हणाली, “चांगला घासून घेतला हुता रे प्याला.”

बस, एवढंच. पण ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरनंच अपमान सोसत आलेल्या. हा एक त्यातलाच, असं मी धरलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. बारशाला अप्पा येतो म्हणाले आणि आले नाहीत. महानंदाची आई त्याआधीच गेलेली. मोठ्या घरात हा माणूस एकटा. फोन केला की बोलायचे. या म्हटलं की, “बघू.” सहा वर्षं ‘बघू’.

आता मुलगी झाली होती. बारसं दुसऱ्या दिवशी दुपारी. महानंदा म्हणाली, “तुम्ही स्वतः जाऊन आणा त्यांना. ह्या खेपेला नाही आले तर मी त्यांना पुन्हा कधीच बोलावणार नाही.” ती असलं बोलते तेव्हा तसंच करते. म्हणून मी मित्राची ओम्नी घेऊन सोलापूरहून उदगीरला गेलो होतो, आणि अप्पा तासभर आढेवेढे घेऊन एकदाचे गाडीत बसले होते.

तर, दगड बघायला गेलेले अप्पा परत येईनात. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना हरभरा. मी उतरून बांधावर गेलो. दगडाजवळ कुणी नव्हतं. पलीकडं बाभळीच्या आड अप्पा उभे दिसले. एक हात खोडाला लावलेला, मान खाली.

मी खाकरलो. त्यांनी घाईघाईनं धोतर सावरलं आणि वळले. तोंडावर घामाच्या धारा.

“बनसोडे,” ते म्हणाले, “मला उदगीरला परत सोडा.”

माझा इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. “परत? निम्मी वाट आल्यावर परत? अप्पा, सरळ सांगा ना. आमच्या घरी घोटभर पाणी प्यावं लागेल म्हणून एवढी नाटकं? दगड काय, विहीर काय! तुमची नात आहे ती. तिनं काय तुमचं घोडं मारलंय?”

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पोट धरलं आणि गुडघ्यातून वाकले. मी धावत जाऊन दंड धरला. अंग थरथरत होतं. सदऱ्यावरून माझा हात त्यांच्या ओटीपोटाला लागला. हवा भरलेल्या ट्यूबसारखं तट्ट!

“काय होतंय अप्पा?”

“होत नाही,” ते दात आवळून म्हणाले. “लातूरपासून... थेंबसुद्धा होत नाही. आणि सहनही होत नाही.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस नाटक करत नाहीये.

कसंबसं त्यांना गाडीत आडवं केलं. प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत होते आणि प्रत्येक कण्हण्यासरशी मला माझंच मघाचं बोलणं आठवत होतं. आठ-दहा किलोमीटरवर एका गावाचं ग्रामीण रुग्णालय लागलं. ओपीडी संपत आली होती. मेडिकल ऑफिसर होत्या डॉ. नाझनीन शेख, तिशीच्या आतबाहेर. बाई डॉक्टर बघून अप्पांनी माझा हात घट्ट धरला. “पुरुष डॉक्टर नाहीत?”

“आहेत ना काका,” त्या हातमोजे चढवत म्हणाल्या. “सोमवारी येतात. तोवर थांबता?”

अप्पांनी नकारार्थी मान हलवली.

“मग झोपा पाठीवर. तुमच्यासारखे आठवड्याला एक-दोन येतातच माझ्याकडं. येताना सगळे लाजतात, जाताना सगळे आशीर्वाद देतात.”

त्यांनी पोट तपासलं. पडद्यापलीकडून मला त्यांचा आवाज येत होता. आधी सुन्न करणारी जेली, मग नळी. “श्वास सोडा... अजून... झालं.” आणि मग पिशवीत लघवी पडल्याचा आवाज. तो बराच वेळ येत राहिला. मधेच अप्पांचा हुंदका ऐकू आला. सुटल्याचा हुंदका होता तो, लहान मूल रडून दमल्यावर देतं तसा.

“सव्वा लिटर,” डॉक्टर म्हणाल्या. “आत या तुम्ही. मुलगा का?”

“जावई.”

“बरं झालं वेळेत आणलंत. ही फाइल धरा. काका, आता खरं खरं सांगायचं. आज काही औषध घेतलं होतं?”

अप्पांनी गोळ्यांची पट्टी पुढं केली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून बघितली. “हे बघा कारण. वय झालं की पुरुषांची प्रोस्टेट वाढते, लघवीची वाट अरुंद करते. त्यात ही सर्दीची गोळी घेतली की वाटेचं तोंड आणखी आवळतं. वर तुम्ही गाडीत दाबून धरली असणार. पुन्हा विचारल्याशिवाय असली गोळी घ्यायची नाही. त्रास कधीपासून आहे?”

अप्पांनी मफलर नीट केला.

“धार बारीक? सुरू व्हायला वेळ लागतो? झाल्यावरही झाल्यासारखं वाटत नाही? लागली की धीर धरवत नाही?”

प्रत्येक प्रश्नाला अप्पांची मान हलत होती. कुणीतरी त्यांचं खाजगी पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“किती वर्षं?”

“सात.”

“सात वर्षं! कुणाला दाखवलं नाही?”

“आमच्या ऑफिसातला एक जण दाखवायला गेला होता. कॅन्सर निघाला. आणि लोक म्हणतात, ऑपरेशन केलं की माणूस... पुरुष राहत नाही.”

“लोक म्हणतात!” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. “प्रोस्टेट वाढली म्हणजे कॅन्सर नव्हे. कित्येकांचं तर नुसत्या गोळ्यांवर भागतं. पाणी किती पिता दिवसातून?”

“घरी असलो तर पितो.”

“आणि बाहेर?”

“बाहेर जायचं असलं की सकाळपासून बंद. कुणाच्या घरी गेलो तर पाणी नाही, चहा नाही. एकदा घोट घेतला की अर्ध्या तासात शोधाशोध सुरू होते.”

“हे कधीपासून?”

अप्पा छताकडं बघत म्हणाले, “लेकीच्या लग्नाच्या आधीपासून.”

माझ्या हातातली फाइल खाली गेली. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं, एकदा अप्पांकडं बघितलं, आणि पेन मिटवून काहीतरी निमित्त काढून त्या बाहेर गेल्या.

“लग्नातही?” मी विचारलं.

“तुमच्या समाजमंदिराला संडास कुठं होता? मी आल्या आल्या बघून घेतलं होतं. मागं मोकळं मैदान, आणि तिथं सगळी तुमची पोरं खुर्च्या मांडत होती.” ते थांबले. “तुमच्या आईचा चेहरा मी बघितला होता, बनसोडे. कळलं मला त्यांना काय वाटलं ते.”

“मग सांगायचं ना!”

“काय सांगू? कुणाला?”



नळी तशीच ठेवून, पिशवी मांडीवर टॉवेलाखाली झाकून आम्ही निघालो. पिशवी असल्यामुळं आता कुठं थांबायची गरज नव्हती. अप्पांनी माझी बाटली उचलली, झाकण काढलं आणि अर्धी रिकामी केली. तुळजापूर जवळ आल्यावर तेच बोलायला लागले, समोरच्या रस्त्याकडं बघत.

“नातवाच्या बारशाला मी निघालो होतो. झबलं-टोपडं घेऊन एस.टी.त बसलो. लातूर सुटल्यावर लागली. कंडक्टरला विनवलं, तो म्हणाला, औसा आलंच की काका. औसा यायच्या आधीच... धोतर ओलं झालं. शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती. ती उठून उभी राहिली, सगळा रस्ता उभीच. औशाला उतरलो, वाळेपर्यंत स्टँडच्या मागं बसलो आणि परतीच्या गाडीनं घरी गेलो.”

मी गाडी हळू केली. का, ते मलाही माहीत नाही.

“राग नव्हता असं मी म्हणणार नाही,” अप्पा म्हणाले. “पहिलं वर्षभर होता. भावकीत मान खाली घालावी लागली, त्याचा राग होता. तो मी लपवत नाही. पण पाणी त्या रागापायी सोडलं नव्हतं.”

घरी पोचल्यावर मी आईला आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पदर खोचला, पाण्याचा तांब्या भरला आणि थेट अप्पांसमोर जाऊन बसली.

“आमच्या ह्यांनाबी ह्योच तरास हुता,” ती म्हणाली. “त्यांनीबी शेवटपत्तुर सांगितलं न्हाई. लुंग्या मीच धुवायची, मग मला काय कळंना व्हय? तुमी बोलला असता तर मी त्याच दिशी मागच्या दारानं आमच्या घरी आणलं असतं तुमास्नी. घ्या, प्या. पिशवी हाय न्हवं आता, भ्यायचं काय?”

अप्पा हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीचं नाव अक्षरा ठेवलं, तेव्हा पाळण्याची दोरी अप्पांच्या हातात होती आणि पिशवी शालीखाली.

त्यानंतरच्या सोमवारी आम्ही डॉ. हिरेमठांकडं गेलो. हे मूत्ररोगांचे तज्ज्ञ, मोजकं बोलणारे. रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. बोटानं तपासणी झाली, तेव्हा अप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि माझं मनगट सोडत नव्हते. अर्ध्या मिनिटात आटोपलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. “ही मूत्राशयाची पिशवी. ही तिची नळी. नळीभोवती ही प्रोस्टेट. तरुणपणी अक्रोडाएवढी असते. तुमची मोसंबीएवढी झालीय. नळी मधल्यामधे चेपली गेलीय.”

अप्पांनी चष्मा लावला आणि चित्र आपल्याकडं वळवून घेतलं. “म्हणजे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी पाणंदीत बांध सरकवलाय. बैलगाडी जायला जागा नाही.”

डॉक्टर मोठ्यानं हसले. “अगदी तसंच.”

“मग बांध काढायचा की शेतच उकरायचं?”

“शेत राहू द्यायचं. फक्त आत आलेला भाग आतूनच खरवडून काढायचा. पोटावर चीर नाही, वाटेतूनच दुर्बीण घालायची. पण आधी पाच-सहा दिवस गोळ्या देतो आणि नळी काढून बघतो. लघवी आपली आपण झाली तर ऑपरेशनची घाई नाही.”

गोळ्या झाल्या, नळी काढली. सकाळपासून दुपारपर्यंत अप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. झालं नाही. पुन्हा नळी घालावी लागली. त्या दिवशी ते फार खचले. डॉक्टर आले, खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, “सात वर्षं ताण सोसलाय पिशवीनं. ऑपरेशन करू. कंबरेखाली भूल देईन, तुम्ही जागे असाल. दोन-तीन दिवस लघवी लाल येईल, घाबरायचं नाही. संबंध ठेवता येतात. फक्त वीर्य बाहेर न येता उलट पिशवीत जातं बऱ्याच जणांचं, त्यानं अपाय नसतो. अजून काही विचारायचंय?”

“मी विधुर आहे,” अप्पा गंभीरपणे म्हणाले.

“तरी माहिती असावी.”

“असावी,” अप्पांनीही कबूल केलं.

ऑपरेशन तासाभरात झालं. काढलेला भाग तपासायला गेला. आठ दिवसांनी अहवाल आला, कॅन्सर नाही. महानंदानं तो तीनदा वाचून काढला. नळी निघाल्यावर पहिल्यांदा अप्पा बाथरूममध्ये गेले तेव्हा मी, महानंदा आणि आई असे तिघंही बाहेर उभे. आतून आवाज आला. आईनं हात जोडले. दार उघडून अप्पा बाहेर आले, आम्हाला तिघांना बघितलं आणि म्हणाले, “काय वरात काढताय?”

पंधरा दिवस जळजळ होती, मधेच घाई व्हायची. ओझं उचलायचं नाही, लांबचा प्रवास नाही, म्हणून दीड महिना ते आमच्याकडंच राहिले. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी एका यंत्रात लघवी करायला लावली. यंत्रानं धारेचा आलेख काढून दिला. अप्पांना त्याचं कोण कौतुक! “एकतीस वर्षं मी सगळ्या जगाची मोजणी केली. ही मोजता येते हे कुणी सांगितलंच नाही.”

त्याच दुपारी महानंदा अक्षराला मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ बसली. मी बाजूला मोटारीचं वेटोळं गुंडाळत होतो. तिनं विचारलं, “अप्पा, सहा वर्षं मी तुमच्याबद्दल काय समजत होते, माहिती होतं तुम्हाला?”

“होतं.”

“जातीपायी लेक टाकली, असं. लोकांतही मी तसंच सांगायचे. आणि तुम्ही ते होऊ दिलंत?”

अप्पांनी अक्षराचं झबलं सारखं केलं. मग म्हणाले, “कडक बाप म्हणून लोक नावं ठेवतात, ते सोसता येतं, महानंदा. त्यात एक ऐटही असते. ओल्या धोतरात ऐट नसते.”

महानंदा रडली नाही. तिनं पोर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “हिनं आत्ताच ओलं केलंय. बदला.” आणि अप्पांनी लंगोट बदलला.

पुढं काय झालं ते उदगीरला कुणालाही विचारा. सकाळी तळ्याकडं फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांत अप्पा बसू लागले, आणि साठी ओलांडलेला कुणीही भेटला की नमस्काराच्या जागी विचारू लागले, “धार कशी?” आधी लोक चिडले. मग एकेक जण त्यांना बाजूला घेऊन बोलू लागला. अशा कितीतरी जणांना घेऊन ते सोलापूरला आले, एस.टी.नं. त्यातल्या बहुतेकांचं गोळ्यांवर भागलं. एकाचं मात्र वेगळं निघालं, पण वेळेत कळलं आणि तो आजही हिंडून-फिरून आहे. सगळे आमच्याकडंच उतरायचे आणि आई असेपर्यंत तीच सगळ्यांना पाणी पाजायची.

याला आता वीस वर्षं झाली. अप्पा शहाऐंशीचे आहेत, कान गेलेत, बाकी ठणठणीत. मी सत्तावन्नचा. गेल्या दिवाळीत दुपारची जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. अक्षराची परीक्षा, पाऊस, भाव, असं काहीबाही बोलणं चाललं होतं. मधेच त्यांनी विचारलं, “प्रल्हाद, धार कशी?”

“झकास,” मी म्हणालो.

ते अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. “सकाळपासून सात वेळा उठलात. मी मोजतोय.”

सगळं बघितलेला मी. पडद्यापलीकडचा तो हुंदका ऐकलेला मी. तरी दीड वर्षापासून दुकानात निघण्याआधी चहा टाळत होतो, आणि नातेवाइकांच्या लग्नाला जाणं ‘काम आहे’ म्हणून चुकवत होतो.

“बारीक झालीय, अप्पा,” मी शेवटी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटलं. पण त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, काठीवर जोर देऊन उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“महानंदाला सांगितलंत?”

“नाही.”

“मग उठा. आधी तिला सांगून या. डॉक्टरकडं उद्या जाऊ.”

महानंदा आत भांडी आवरत होती. मी उठलो आणि आत गेलो.